तस्कर म्हणजे 'ते' करणारा

बाई, सातवीत असताना मी तुम्हाला एका शब्दाचा अर्थ विचारला होता. थळच्या शाळेच्या ओसरीवर तुम्ही वर्तमानपत्र लावत असा, त्यात 'तस्करांची टोळी पकडली' असं छापून आलं होतं. आमच्या बोलीत तो शब्द नव्हता. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, तत् अधिक कर. ते करणारा. 'ते' म्हणजे काय, मी विचारलं. पाप, तुम्ही म्हणालात. पण ही जुन्या पंडितांनी केलेली फोड आहे, खरी असेलच असं नाही, आणि गंमत बघ, शब्दात पापाचं नावच नाही. मला केवढी मौज वाटली! कारण आमच्या कोळीवाड्यातही सोन्याचं नाव कुणी घेत नसे. अरबी गलबतांवरून सोन्याची बिस्किटं उतरवून आणणारे मचवे 'त्या कामाला' जात. माझे बाबाही जात.

दुपारी बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. मी त्यांना ती फोड सांगितली, मातीत लिहूनही दाखवली. त्यांना अक्षर येत नव्हतं, तरी त्या दोन तुकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून शाळेत येतात. शाळेतून माझं नाव कमी करायलाच आलेत, अशी मला भीती वाटते. दाराशी उभं राहून ते तुम्हाला विचारतात, "बाई, ज्यानी ते काम सोडला, त्याला काय म्हंतान?"

तुम्ही म्हणता, "त्याला वेगळा शब्द नाही. त्याला त्याच्या नावानं हाक मारतात."

त्यानंतर बाबा त्या मचव्यावर चढले नाहीत. आठवड्यात आमची जाळी कुणीतरी कापून टाकली. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर आमची मासळी कुणी घेईना, तेव्हा आई डोक्यावर पाटी घेऊन अलिबागपर्यंत चालत जाई. बाबा मात्र डगमगले नाहीत.

पुढे मी संस्कृत शिकले, कोश चाळले. तुमच्या फोडीवर विद्वानांचं एकमत दिसत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, नाहीतर यावर आपण मनसोक्त वाद घातला असता.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. बाबांनी ते सोडलं हे माझ्या मुलांना सांगायचं, तर आधी ते करत होते हेही सांगावं लागेल. तुमचे आजोबा मासे धरत, एवढंच मी त्यांना सांगत आले आहे.