पंपात नसलेली खडखड

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? इथे सगळं ठीक. वर्कशॉप जोरात चाललंय, ही त्याहून जोरात बोलते. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर माझा आवाज लवकर चढतो, म्हणून लिहायला बसलो.

जेवण मात्र जात नाही. तोंडात सारखी पितळेची चव. परवा हिला विचारलं, "भाजीत नाणं टाकलंस काय?" म्हणाली, "तोंड तुमचं बिघडलंय, माझ्या भाजीला बोल लावू नका." खाज तर अशी, की खाजवून हाती लागत नाही, कातडीच्या आत कुठेतरी असते. खुर्चीत टेकलो की पाय वळवळतात. हे पत्रही उठत-बसत लिहितोय. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं विष रक्तात साठतंय, आणि रक्त जाईल तिथे तेही पोचतंय. मी म्हटलं, "मग औषध वाढवा." ते हसले नाहीत.

परवा लॉन्ड्रीवाल्याचा पंप आला. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. चालू पंपाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची; यंत्राच्या पोटातलं ऐकू येतं. ऐकलं तर खडखड. म्हटलं, "बेअरिंग गेलं, खोला." मिस्त्रीनं सगळा पंप उघडला. बेअरिंग नव्यासारखं! लॉन्ड्रीवाला म्हणाला, "शेठ, कान गहाण टाकलेत काय?" सगळे हसले, मीही हसलो. पंप जोडून पुन्हा ऐकलं. तीच खडखड.

मिस्त्रीनं हळूच बटण बंद केलं. पंप थांबला. खडखड चालूच.

माझा हात फडफडत होता गं, आणि स्क्रू-ड्रायव्हर पंपावर वाजत होता. मग कुणी हसलं नाही.

तू मूत्रपिंड देते म्हणालीस, तेव्हा मी ओरडलो, "आयुष्यात कुणाचं काही घेतलं नाही, आता बहिणीचं काळीज कापून घेऊ?" आणि फोन आपटला. त्यानंतर तुझा फोन नाही. बरोबरच आहे.

सोमवारपासून डायलिसिस सुरू होतंय. तुझं मन बदललं असेल तर तसं सांग, मी डायलिसिसवरच राहीन, राग धरणार नाही. तुला धोका आहे असं डॉक्टर म्हणाले, तर मीच नको म्हणेन. पण अजून द्यावंसं वाटत असेल, तर तपासणीला ये.

स्टेशनवर घ्यायला येईन. गाडी मिस्त्री चालवेल.

तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागणारा,
धाकटा