पाठीवरचा चौकोन

१२ ऑगस्ट २००६
पाठीवर उजवीकडे चौकोनी डाग. खाजतो, जळजळतो. बायको शकुन म्हणाली, डॉक्टरला दाखवा. बायकांना सगळ्यात दवाखाना दिसतो. परवा कपाशीच्या पऱ्हाटीत अर्धी ओळ मी स्वतः फवारली. पंप पाठीवर गळला, दुसरं काय! पंप दुरुस्त केला होता कुर्बानभाईनं. म्हणजे चूक त्याची.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर चौकात शर्ट काढून सगळ्यांना पाठ दाखवली. कुर्बानचं नाव घेतलं. तो नुसता बघत राहिला. गप्प बसला म्हणजे कबूलच.

३ सप्टेंबर
हळद झाली, कडुनिंब झाला. डाग ढिम्म. कुर्बानकडे आता कोणी पंप टाकत नाही म्हणे, लोक थेट दर्यापूरला नेतात. ऐन फवारणीत. वाईट वाटलं. पण लोकांची कातडी वाचली, तेही आहेच.

११ ऑक्टोबर
डागाची जखम झाली. शकुननं ओढतच अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मागे अँजिओप्लास्टी झाली होती का? मी नाही म्हणालो. शकुन हो म्हणाली.
गेल्या दिवाळीत, अमरावतीला. ब्लॉक अवघड होता, काही दिवसांनी पुन्हा करावी लागली. टेबलाखालच्या मशीनचे एक्स-रे पाठीवर एकाच जागी फार वेळ पडले. अशी कातडी पुढे कित्येक महिने बिघडत जाते, म्हणाल्या.
गावात आम्ही सांगितलं होतं, मोझरीला आश्रमात राहायला गेलो. पैलवानाचं हृदय अडलं हे कसं सांगणार?

१४ ऑक्टोबर
उद्या चौकात खरं सांगायचं. पक्कं. आधी कुर्बानला एकट्याला सांगावं म्हणून दुकानात गेलो. पंपाच्या वॉशरचा भाव विचारला. तोच हळू म्हणाला, "मले मालूम हाय, भाऊ. दुसऱ्यांदा भरती झाले, तवाच तुमच्या पाठीवर लाल चौकोन होता. माह्या सासऱ्याची खाट बाजूलेच होती. तुमी तोंडावर चादर घेतली, म्हून बोललो नाही."
मग चौकात का नाही बोललास, विचारलं.
"दवाखान्याचं सांगा लागलं असतं न."
इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर
चौकात गेलो. सगळे होते. शर्टाची दोन बटणं काढली. कोणीतरी पाठीचं विचारलं. बरं आहे म्हणालो, हवेत गारवा आला म्हणालो, आणि बटणं लावून घेतली.
समोर कुर्बानचं दुकान उघडं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं आतूनच आवाज दिला, "राम राम, पैलवान."