निळ्या फुलातला लाल मणी

विनिपेग

आई,
डेलिमाचा आणि तुझ्या नातवाचा तुझ्या गालाला गाल. आम्ही मजेत आहोत. तू पाठवलेलं मूस हरणाचं सुकं मांस पुरवून खातेय. तुझा गुडघा कसा आहे?

मी काढलेलं तुझं चित्र गॅलरीत लागलं. मिशनवाल्यांनी घरातून उचलून त्यांच्या शाळेत नेण्याआधीची तू, आजीला टेकून कातड्यावर मणी शिवतेयस. एक मणी मी मुद्दाम वेगळ्या रंगाचा रंगवला. गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या, "हा चुकलाय." म्हटलं, "राहू द्या. बिनचूक काम फक्त देवाचं, असं म्हणून आजी दर वेळी एक मणी चुकवायची."

शाळेत वाकड्या टाक्याला छडी बसायची, म्हणून तू अजून शिवलेलं उसवत बसतेस. चित्राचा फोटो पाठवला तेव्हा तू गप्पच राहिलीस. तो मणी तुला खुपला की काय, अशी मला धास्ती वाटली.

काल तू शिवलेले बाळाचे बूट मिळाले. निळ्या मण्यांच्या फुलात एकच लाल. आई, तो तू उसवला नाहीस.

तुझीच,
डेलिमा