बंदरावर लिहिलेले आकडे

बोईसर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय हितेश,

तू ठीक असशील असं धरून लिहायला बसले आहे. फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलता येणार नाही. गुजरातेतल्या दहेजचा तुझा पत्ता तू आईला पाठवलेल्या औषधांच्या पाकिटावरून उतरवून घेतला. तिला सांगितलेलं नाही.

आई बरी आहे. कंबर दुखते, तरी बोंबील वाळत घालायला जातेच. शेजारची येसूबाई तिच्या सोबतीला असते. मी दर रविवारी सातपाटीला जाते, भाजी आणि गोळ्या देते, परत येते. आम्ही फारसं बोलत नाही.

मुंबईची संस्था मी सोडली. सोडली म्हणजे प्रकल्पातून काढलं, मग मी राजीनामा दिला. इथे एमआयडीसीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आहे. कारखान्यांचं सांडपाणी बाटल्यांतून येतं, मी ते तपासते, कागदावर सही करते. खोली स्टेशनपासून लांब आहे. शेजारी पाच जण एका खोलीत राहतात, पाळीप्रमाणे झोपतात. परवा त्यांतल्या एकाने विचारलं, "मॅडम, आप डॉक्टर हो ना?" मी म्हटलं, माशांची. तो हसला. मीही हसले असेन.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, हे तू पाहिलंस. तीन दिवस तू घरात होतास, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, पण बघत होतास. अजूनही रडू आलेलं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळंच. हात लावला तर कळतं की काहीतरी आहे.

माझ्या लेखाचं तुझ्या कानावर आलं असेलच. दर्पणने तुला सांगितलं असणार. बाबा त्याच्याच बोटीवर तांडेल होते, बोट तेच हाकायचे. तरी मी सांगते. तुला माझ्या कामात कधी रस नव्हता, म्हणून थोडक्यात.

समुद्राचं तळाचं पाणी तापत चाललंय आणि अंडी घालायच्या दिवसांत पापलेटं किनारा सोडून खोल, थंड पाण्याकडे सरकतायत, असं मी मांडलं होतं. त्यासाठी दहा वर्षांच्या नोंदी होत्या. बाबा दर आठवड्याला वीस वाव खोलीवर दोरीने थर्मामीटर सोडायचे आणि वहीत आकडा लिहायचे. आपल्या किनाऱ्यावर एवढ्या वर्षांच्या अशा नोंदी दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. लेख छापून आला तेव्हा मच्छीमार सोसायटीत माझा सत्कार झाला. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

बाबा गेल्यावर महिन्याने आई बोलली. नोंदींच्या शेवटच्या दोन वर्षांत ते समुद्रावर गेलेच नव्हते. गुडघे गेले होते, बोटीवर चढता येत नव्हतं. आई म्हणाली, "दर आठवड्याला दोरी घेऊन बंदरावर जायचा. खाडीत सोडायचा. खाडीचा पानी गरम असतंय, मंग जरा कमी करून लिवायचा. मी बोललू, पोरीला सांगा. तर बोलला, तिचा काम अडंल."

मी संस्थेला कळवलं. सप्टेंबरात लेख मागे घेतला. ती दोन वर्षं काढली तर पाणी तापलेलं दिसतं, पण पापलेटं त्यामुळेच हलली असं ठामपणे म्हणता येत नाही. तेवढं म्हणायला नोंदी पुरत नाहीत.

ऑक्टोबरात सोसायटीच्या सभेत जाऊन मी उभी राहिले, कारण त्यांनी पिल्लंसुद्धा अडकवणारी बारीक आसाची जाळी बंद करायच्या अर्जाला माझा लेख जोडला होता. मी सांगितलं की शेवटच्या दोन वर्षांचे आकडे बाबांनी बंदरावर बसून लिहिले आणि मला ते बाबा गेल्यावर कळलं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. येसूबाईने विचारलं, "म्हंजे दर्या तापला नाय?"

"तापलाय, मावशी."

"मंग खोटा काय व्हता?"

 मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं पोरीची इज्जत घालवली." आई तिथेच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. मी माझा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे.

हितेश, चार वर्षांपूर्वी दिवाळीत तू मला फोन केला होतास. "बाय, बाबा बोटीवर जात नाय. तू त्याच्या वह्यांवर भरोसा ठेवू नको." मी काय बोलले ते तुला आठवत असेल. तू दर्या सोडून कंपनीत गेलास, म्हणून तुला बाबांनाही किनाऱ्यावर बसवायचंय, असं म्हणाले. माझ्या नावावर जळतोस, असंही म्हणाले. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

त्यानंतर जानेवारीत मी न कळवता सातपाटीला आले होते. मंगळवार होता. दर्पणची बोट पहाटेच गेली होती आणि बाबा धक्क्याच्या पायरीवर पाय लांब करून बसले होते. हातात दोरी. त्यांनी थर्मामीटर वर ओढलं, डोळ्यांजवळ धरलं, मग थोडा वेळ नुसतेच पाण्याकडे बघत राहिले. हिशोब करत होते. मग वहीत लिहिलं.

मी दहा पावलांवर उभी होते. त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. वही मांडीखाली सरकवली, लहान मूल लपवतं तशी. म्हणाले, "आलीस? जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. आम्ही घरी गेलो. आईने निवट्यांचं कालवण केलं होतं. वहीचं नाव कोणी काढलं नाही. निघताना ती वही संपत आल्याचं मला दिसलं, आणि मी पिशवीतून नवीन वही काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती घेतली. त्यांना वाटलं असेल, मला काहीच कळलं नाही. किंवा कळलं, आणि तरीही हवंय. मला वाटतं, मला कळलंय हे त्यांनी ओळखलं होतं.

त्या दोन वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. आधीच्या वह्यांना डिझेलचे डाग आहेत, पानं खाऱ्या पाण्याने फुगलीत. या कोऱ्या करकरीत. आकडे सगळे पूर्ण किंवा अर्ध्यावर: अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही ओळखलं असतं. मी एकेक आकडा संगणकात भरला. मला जे हवं होतं तेच ते आकडे सांगत होते.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "आकडं बरोबर आलं ना गं?" मी हो म्हटलं.

सभेत मी त्यांचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही. ते नव्हते, म्हणून जमलं. गावात आता ते लबाड आहेत आणि मी फसलेली मुलगी. आईसुद्धा तसंच समजते. परवा मला म्हणाली, "बापाला माफ कर." मी मान हलवली. काल हे लिहायचं की नाही ते ठरवताना मनात आलं की आईला वाचता येत नाही, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला कळलं, म्हणून आज पुन्हा लिहायला बसले.

आज सकाळी संस्थेला दुसरं पत्र पाठवलं. मला माहीत होतं, जानेवारी २०२२ पासून माहीत होतं, असं त्यात लिहिलं आहे. यापुढे कुठली संस्था मला समुद्रावर पाठवणार नाही. शनिवारी सोसायटीची पुन्हा सभा आहे. मी वेळ मागून घेतली आहे. त्याआधी आईला घरात सांगेन. ती काय म्हणेल ते माहीत नाही. मी काय सांगणार आहे, तेवढं माहीत आहे.

तू ये असं म्हणत नाही. रजा मिळत नसेल, आणि मला तो हक्क नाही. पण गावात कोणी बाबांना लबाड म्हटलं, तर ते ऐकून घेऊ नकोस. हे पत्र दाखव. दर्पणला दाखव, येसूबाईला वाचून दाखव, ज्याला हवं त्याला दाखव.

तू खरं बोलला होतास. हे तुला त्याच जानेवारीत सांगायला हवं होतं.

तुझी खोटं बोललेली बहीण,
सुगंधा