ओल्या भिंतीवरचा रंग

बाबा, आपल्या घराची पश्चिमेची भिंत यंदाच्या पावसात स्वच्छ राहिली. एकही काळा ओघळ नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुमचे ते शुक्रवार आठवतात. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम त्या दिवशी बंद, सुताचा तूस उडत नाही, म्हणून रंगाचं काम शुक्रवारीच काढायचं. कचेरीत रजा टाकून तुम्ही लुंगी खोचून शिडीवर चढला आहात, छज्ज्यावर साचलेला तूस आणि माती खरवडताय, ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून भिंतीचं शेवाळ घासताय. मी खालून बादली देते आणि कंटाळून विचारते, सरळ वरून रंग का नाही मारत? तुम्ही तिथूनच ओरडता, "रंग म्हंजे पावडर हाय का, तोंड न धुता थापायला?" अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. एरवी शुद्ध बोलणारे तुम्ही, चिडलात की थेट पडघ्याकडच्या आपल्या गावात पोचायचात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तुमचा शेवटचा पावसाळा. तुम्ही दवाखान्यात, मी सासरहून येऊन राहिलेली, आणि भिंत काळीकुट्ट. तुम्ही याल तेव्हा ती उजळ दिसावी, एवढंच माझ्या डोक्यात. रंगारी म्हणाला, "ताई, दिवार में ओल है, सुखने दो." मी म्हटलं, "परवा बाबा घरी येतायत, मारून टाका." लूम चालूच होते, तूस उडून ओल्या रंगात बसत होता. रिक्षातून उतरून तुम्ही माझा हात धरून भिंतीसमोर थांबलात, रंग बोटाने चाचपून पाहिलात. मी ओरडा खायच्या तयारीत. तुम्ही म्हणालात, "छान झालंय." एखाद्या शेजाऱ्याच्या घराला म्हणावं तसं. थोड्याच दिवसांत रंगाला फुगे आले, पुन्हा काळे ओघळ उतरले. अंगणात खुर्ची टाकून बसलात की ते तुमच्या समोरच असायचे. दिवाळीच्या आधी गेलात.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या भिंतीला हात लावला नाही. या उन्हाळ्यात फुगलेला रंग खरवडला, शेवाळ धुतलं, पाणी साचू नये म्हणून छज्ज्याला बाहेरच्या बाजूला उतार काढून घेतला, भिंत खडखडीत वाळू दिली. लोक विचारतात, रंग कुठला? मला त्याचा आनंद होत नाही, वाईटच वाटतं, तुम्ही होता तेव्हा हे केलं नाही म्हणून. हे पत्र कुठे टाकणार, कपाटातच राहील. पण एक सांगते, बाबा. त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत, तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही आता फार दिवस नाहीत. तरी मी तुमच्याशी रंगाबद्दलच बोलत राहिले.