रुमालाचं पान

कानाझावा, १२ फेब्रुवारी १९७८

प्रिय इकुएताई,

आई गेल्याची तार केली, त्यानंतर तीन महिने तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. रोजनिशी मात्र रोज लिहीत होते, त्यामुळे वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही.

तू अंत्यविधीला आली नाहीस. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हाकोदातेहून आगगाड्या सुटत नाहीत वाटतं!" मी खाली मान घालून चहा ओतत राहिले.

बाबांच्या समग्र साहित्याचा शेवटचा खंड छापायला निघालाय. त्यात त्यांचा सालवार जीवनपट आहे. संपादक हिराकींनी तो तपासायला दिला, त्याला अकरा दिवस झाले. १९५४ सालापुढे छापलंय : 'वर्तमानपत्रात क्रमशः कादंबरी, पारितोषिक. रुमालाचा प्रसंग पत्नीने सांगितलेल्या हकिकतीवरून.' हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर हिराकी हसले. "अहो तोशिएबाई, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मुलगी रक्ताचा रुमाल बर्फात पुरते, हे आईशिवाय कुणाच्या नजरेला पडणार?"

तेव्हा वर्तमानपत्रात रुमालाचं ते पान छापून आलं त्याच आठवड्यात तुझं लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थ बाई आल्या, वहाणाही न काढता. क्षयाची मुलगी नको म्हणतात, एवढं दारातूनच सांगून गेल्या. तू आईकडे वळून म्हणालीस, "राहवलं नाही ना तुला?" आईनं नाही म्हटलं नाही. तिच्याशी बोललेलं तुझं ते शेवटचं वाक्य.

बाबांचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून चौकटींच्या कागदावर त्यांची स्वच्छ प्रत मीच करायची. रुमालाचं पानही मीच उतरवलं. मध्ये एकदा लेखणी थांबली, ती शाई भरण्यापुरती.

ताई, परसाकडच्या खिडकीतून तुला रुमाल पुरताना मी पाहिलं होतं आणि रोजनिशीत लिहिलं होतं. बाबांची कादंबरी अडली होती. त्यांनी विचारलं, "तुझ्या वहीत काय आहे गं?" मी वही नेऊन दिली. त्यांनी चोरली नाही. ते म्हणाले, "या ओळीला डोळे आहेत." एकोणिसाव्या वर्षी मला तेवढं पुरलं. तू आईला बोललीस त्या संध्याकाळी ती वही बाबांच्या मेजावरून माझ्या उशाखाली आली होती. ठेवणारी आईच. चोवीस वर्षं तिनं तो विषय काढला नाही, आणि मी काढू दिला नाही. जीवनपटातली ती अख्खी ओळच खोडावी असंही मनात आलं. पण त्यानं आई सुटते की मीच सुटते, ते ठरेना. तू क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही, निदान तसं मला वाटतं. छापील पुस्तकात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, इतकंच.

तुझीच,
तोशिए

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्या : मुद्रितात 'पत्नीने सांगितलेल्या हकिकतीवरून' खोडून 'धाकट्या मुलीने दिलेल्या रोजनिशीवरून' लिहिणे.