पुसायचा राहून गेलेला आवाज

१२ जानेवारी

भांडण! पुन्हा! स्टुडिओत ताईने आमच्या बँडच्या नव्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याला "रडकं" म्हटलं, हेडफोन आपटले आणि तरातरा निघून गेली. गाणं मी लिहिलेलं, तेव्हा लागलंच.

माझे ड्रम आधीच रेकॉर्ड झाले होते. पण आमचा झिपऱ्या, कुणी गाताना ऐकू आल्याशिवाय त्याची गिटार नुसती भरकटते. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "तुम्हीच डमी गा." काचेच्या खोलीत शिरले, डोळे मिटले, गायले. डमीला कोण विचारतंय? ताई आली की माझा आवाज पुसायचा आणि तिचा घ्यायचा.

१६ जानेवारी

अल्बम कंपनीकडे गेला. ताईने तिचं गायलं असणार. विचारलं नाही – अबोला चालू आहे.

आधीचे दोन्ही अल्बम आपटले. कंपनीचा साहेब स्वच्छ म्हणालाय, हाही पडला तर गाशा गुंडाळा. झिपऱ्याला त्याच्या काकाचं टायरचं दुकान आहे. मला ड्रम बडवण्यापलीकडे काही येत नाही!

२ मार्च

रेडिओवर ते शेवटचं गाणं लागलं! मी भाजीच्या दुकानात, हातात कांदे. तिसऱ्या ओळीला कान टवकारले – हा मधेच घेतलेला श्वास माझा! ताई असा घेत नाही. पुसलंच नाही कुणी!

भाजीवाला मान डोलावत म्हणाला, "तुमच्या ताई काय गायल्यात हो!" कांदे तिथेच राहिले.

९ मार्च

पहिला नंबर! आमचा अल्बम! पहिला!!

आईला फोन केला. "अगं, काय गायलीस!" – फोनवर ती नेहमीच आमची अदलाबदल करते. म्हटलं, "आई, मी धाकटी." तर म्हणते, "बरं, मग थोरलीला सांग." माझं कौतुक मीच पोचवायचं!

२१ मार्च

दुकानांतला माल संपला. रेकॉर्डच्या कारखान्यात दिवसरात्र काम चालू आहे म्हणे. साहेब भला मोठा गुच्छ घेऊन आला, ताईसाठी. "तुमच्या आवाजाने वाचवलं बरं का आम्हाला!" आणि ताईने घेतला! हसून! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगाची लाही लाही झाली.

जाब विचारायला गेले तर बाथरूमचं दार बंद. आत ती तेच गाणं घोळवत होती – माझा श्वास, माझ्या जागा, सगळं हुबेहूब घ्यायचा प्रयत्न. माझी नक्कल! लहानपणी मला बेडूक म्हणायची ही बया!

तशीच मागे फिरले. भांडले असते तर बँड फुटला असता. नाही भांडले तर मी फुटेन.

४ एप्रिल

उद्या मैदानावर कार्यक्रम. सगळी तिकिटं खपली. ताईने ते गाणं स्वतःचं म्हणून गायलं तर ड्रमच्या काठ्या टाकून स्टेजवरून उतरणार. पक्कं.

५ एप्रिल

उतरले नाही!!

ते गाणं आलं तशी ताई माइकजवळ गेली. मी काठ्या खाली ठेवल्यासुद्धा. आणि ती म्हणाली, "रेकॉर्डवर हे मी गायलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीने गायलंय." कडेला उभ्या साहेबाचा चेहरा पांढराफटक.

ताईने हाताला धरून मला उठवलं. मी कुजबुजले, "ड्रम कोण वाजवणार?"

"मी."

"तुला येतात?"

"नाही."

माइक चालू होता! सगळं मैदान हसलं. मग मी गायले. दुसऱ्या कडव्यात ताईचा ताल पार गडगडला, तर लोकांनी टाळ्यांनी सांभाळून घेतला. शेवटी इतका गलका झाला की मला माझंच ऐकू येईना. असा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आत गेल्यावर तिला धरलंच. "इतके दिवस गप्प का होतीस?"

"भांडणाच्या दुसऱ्या दिवशी गायला आले होते. तुझं ऐकलं आणि रेकॉर्डिस्टला म्हटलं, हात लावू नका. साहेबाला कळलं असतं तर पुसायला लावलं असतं, करार माझ्या आवाजाचा आहे. आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, आधी घराघरात पोचू दे."

"मग बाथरूममध्ये काय चाललं होतं?"

"आयत्या वेळी तू घाबरली असतीस तर? मलाच गावं लागलं असतं ना! जमलं मात्र नाही."

"रडकं म्हणाली होतीस."

"रडकंच आहे. ऐकून रडले होते मी."

मग दोघीही रडलो. झिपऱ्या म्हणाला, "तोंडं धुवा, लोक अजून ओरडतायत."

६ एप्रिल

सकाळी सरावाला गेले तर ताई माझ्या स्टुलावर. साहेबाला सांगून आली होती – पुढचा अल्बम धाकटी गाणार. मी काही बोलायच्या आत नव्या कोऱ्या काठ्या पुढे करून म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात कुठे चुकले? शिकव."